लिटरमागे चौदा

पळण्यासाठी बांधलेल्या गाडीला पळण्यापासून वाचवण्यात माझ्या मावसाजींइतकी मेहनत जगात दुसऱ्या कोणी घेतली नसेल. गाडी लाल होती, दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीपासून वीतभर वर आणि छत उघडता येणारी. वेगळं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं त्या सुमारास इथे भोपाळहून साहेबलोक आले, त्यांच्यासोबत तऱ्हेतऱ्हेच्या गाड्याही आल्या. त्यातल्या एका साहेबाची बदली झाली आणि जाताना त्याने ही बारा वर्षं जुनी गाडी विकायला काढली. मावसाजी त्या दिवशी मावशीसाठी चार दारांची साधी सेकंडहँड गाडी बघायला निघाले होते. संध्याकाळी चौबे कॉलनीतल्या घरासमोर ही लाल गाडी उभी राहिली. मावशीने फाटकातूनच विचारलं, "हे काय उचलून आणलं?" मावसाजी म्हणाले, "जिंदगीभर चार हजार टनाची गाडी चालवली. आता एखादी हलकी चालवू दे ना मले."

मावसाजी रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते आणि पुढे ड्रायव्हरांवर देखरेख करणारे इन्स्पेक्टर झाले. कोणता ड्रायव्हर किती डिझेल जाळतो हे पाहणं त्यांचं काम. मालगाडीला एकदा वेग आला की इंजिनाचा जोर काढून घ्यायचा आणि ती आपल्याच वजनाने किती दूर घरंगळते ते बघायचं, ही त्यांनी शेकडो ड्रायव्हरांना शिकवलेली विद्या. निवृत्त झाल्यावर ती विद्या त्यांनी लाल गाडीवर चालवली. कॉलनीच्या कोपऱ्यावर इंजिन बंद करून ते घरापर्यंत घरंगळत येत. शेजाऱ्यांना त्यांचं येणं आवाजावरून नाही, शांततेवरून कळे. बहुतेक वेळा गाडी फाटकाच्या दहा पावलं अलीकडे थांबायची. मग मावसाजी उतरून, एक हात स्टीअरिंगवर ठेवून, ती ढकलत आणायचे आणि बघणाऱ्याला सांगायचे, "आज वारा समोरचा होता."

ब्रेक त्यांना आवडत नसे. ब्रेक दाबला म्हणजे जाळलेलं पेट्रोल रस्त्यावर ओतलं, असं त्यांचं मत. म्हणून सदर बाजारातल्या गर्दीत ते गाडी कधी नेत नसत. गोल बाजारातून भांडं आणायचं तर गाडी दूर उभी करून पायी जात. मावशीला देवळापाशी सोडताना गाडी पूर्ण थांबवायला त्यांचा जीव होत नसे. "हळूच उतर, चालते गाडी," असं ते म्हणत आणि मावशी म्हणे, "मी काय टपालाची थैली आहे फेकायला?" छत उघडलं तर हवा आत शिरून गाडीला मागे ओढते, म्हणून छत बंद. खिडकीनेही तेच होतं, म्हणून काचा बंद. एसीने इंजिनावर भार येतो, म्हणून एसीही बंद. मे महिन्यात एकदा त्या गाडीतून लग्नाला जाऊन आल्यावर मावशीने उतरता उतरता विचारलं, "बायकोले फिरवून राहिले का इडली लावून राहिले?"

वजनाचंही तसंच. आधी जॅक निघाला, मग जादा चाक, मग रेडिओ, पायाखालची रबरी चटई, ॲश-ट्रे. एका सकाळी ते पाना घेऊन बाजूची सीट काढायला गेले. मावशी तांदूळ निवडत होती. ती सुपासकट येऊन त्या सीटवर बसली आणि दुपारच्या जेवणापर्यंत उठली नाही. सीट राहिली.

एवढं करूनही गाडी लिटरमागे आठ किलोमीटरच्या वर जाईना. महिन्यातून दोनदा कार्बोरेटर उघडून थकलेला तेलीबांधा भागातला मिस्त्री शेवटी म्हणाला, "दादाजी, ये गाड़ी दौड़ने के लिए बनी है, और आप इसको उपवास करा रहे हो." मावसाजींनी त्यालाच इंधन या विषयावर अर्धा तास शिकवलं.

मग मावशीने शर्त घातली. शंकरनगरातला एक बिल्डर गाडी मागत होता. मावशी म्हणाली, "दिवाळीपर्यंत चौदा देईल तर राहील. नाही तर त्याले देऊन टाका अन् मले दरवाजे असलेली गाडी आणा." हिला दोन दरवाजे आहेत, असं मावसाजी म्हणाले. ते कोणी ऐकलं नाही. पण त्या रात्री ते जेवले नाहीत, असं मावशीनेच मला नंतर सांगितलं.

चाचणी दिवाळीच्या आधीच्या रविवारी ठरली. टाकी काठोकाठ भरायची, शहराबाहेर उभ्या राहणाऱ्या नव्या राजधानीच्या बाजूला अठ्ठावीस किलोमीटर जायचं, तितकंच परत यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. चार लिटरच्या आत भरली तर चौदा. गाडीत मावसाजी आणि साक्षीला मावशी. मी पेपरात काम करत असल्याने नि:पक्षपाती ठरलो आणि वही घेऊन स्कूटरवर मागे निघालो.

जाताना मावसाजींनी जे चालवलं तसं मी पुन्हा कोणाचं पाहिलं नाही. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वर काटा नाही, चाळीसच्या खाली नाही. दूरवर म्हैस दिसली की अर्धा किलोमीटर आधी जोर काढून घेत, आणि गाडी तिच्यापाशी पोहोचेपर्यंत म्हैस रस्ता ओलांडून गेलेली असे. असं घरंगळताना धान घेऊन जाणारा एक ट्रॅक्टर आमच्या पुढे निघून गेला. वर बसलेल्या बायांनी लाल गाडीकडे बघून हात हलवले. बंद काचेआड मावशी घामाने डबडबली होती.

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला गाडी वळवून उभी केली. रस्ता नवा, रुंद, सरळ आणि रिकामा होता. मी स्कूटर बाजूला लावली तेव्हा मावशीने काच खाली केली होती.

"मले एक सांगा," ती म्हणाली, "हे छत खरंच उघडते?"

"उघडते. पण हवा..."

"अन् हे पळते?"

"पळते ना. काहून?"

"मी तुमच्यासोबत कधी बसलीच नाही," मावशी म्हणाली. "इंजिनात बायकोले बसू देत नाही. एकतीस वर्षं रेल्वेच्या फाटकापाशी उभी राहून तुमचा भोंगा ऐकला. आता बाजूले बसली, तर तुम्ही असे चालवून राहिले, जसा कोणी साहेब मागून चेकिंग करून राहिला."

 मावसाजी उतरले. छताचे खटके गंजले होते; ते उघडायला आम्हा दोघांना दहा मिनिटं लागली. "बाबू, तू ये सावकाश," ते मला म्हणाले.

इंजिनाचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मागून मला पांढरे केस आणि मावशीचा उडणारा पदर दिसला. मग पदरच दिसला, आणि मग रस्ता रिकामा. स्कूटरने सत्तर गाठले आणि ती थरथरू लागली. बऱ्याच अंतरावर दोघं बाभळीखाली पेरूवालीपाशी उभी सापडली. मावशीचा अंबाडा सुटला होता. पेरू खात ती मला म्हणाली, "तो ट्रॅक्टर धान टाकून परत येत होता, त्याले मागे टाकलं रे! त्या बायकायले मी हात दाखवला."

पंपावर टाकीत पाच लिटर सहाशे मिली बसलं. छप्पन किलोमीटरला. मी वहीत लिहिलं आणि सांगितलं, "दहा."

मावसाजींनी किल्ली काढून मावशीपुढे धरली. तिने ती घेतली नाही.

"जातानाचं किती?" तिने विचारलं.

"दोन लिटरच्या आत. चौदाच्या वर भरेल," मावसाजी म्हणाले. "हाताले समजते."

याला पुरावा नाही, असं मी म्हणालो.

"तू चूप राय," मावशी म्हणाली. "जाणं तुमचं होतं, ते पास झालं. येणं माझं होतं. त्याची शर्त नव्हती. बिल्डरले नाही म्हणून सांगा."

गाडी राहिली. पुढची कित्येक वर्षं दर रविवारी मावसाजी त्या रस्त्याला चाळीसच्या काट्यावर जात आणि छत उघडून परत येत. त्या रस्त्यावर आता सिग्नल लागले आहेत, वस्तीही झाली आहे. मावसाजींची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. तरीही रोज सकाळी, चाकं थंड असताना, ते हवा तपासतात. मी दर रविवारी जातो आणि म्हणतो, चला, मी चालवतो. पण गाडीत जागा दोघांचीच. मी चालवायला बसलो की एकाने घरी राहायचं. मावसाजी म्हणतात, "तुझ्या मावशीले ने." मावशी म्हणते, "त्यायले ने, मी कितीदा गेली." दोघंही आपल्या जागेवरून उठत नाहीत. मग आम्ही तिघं चहा घेतो, आणि मी स्कूटरवर परत येतो.