स्टाफ धरणारी

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि धाकटीच्या वाटचं बोलायचं काम थोरल्या बहिणीकडे होतं. पाहुण्यांनी विचारलं, "कितवीला गं तू?" की ताई सांगायची, "दहावीला आहे ती." डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतंय?" की ताईच पोटावर बोट ठेवायची. पोट अर्थात धाकटीचं. आईचं शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घरी येईपर्यंत तिचा घसा बसलेला असे, त्यामुळे एक मुलगी गप्प आहे याचं तिला सुखच वाटायचं. त्यात धाकटी ताडमाड वाढली, वडिलांच्याही वर गेली. गप्प माणूस ठेंगणा असला तर खपून जातो. हिला लपायलाही जागा नव्हती.

बारावीनंतर तिला दूरच्या शहरात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, सिव्हिलला. ताई काही बरोबर जाणार नव्हती.

पहिले काही आठवडे धाकटीने बिस्किटांवर काढले. कँटीनमध्ये बिस्किटांपेक्षा बरं काही मिळत होतं, पण ते मिळवायला काउंटरवरच्या गर्दीत ओरडून सांगावं लागे. वर्गात तिला उत्तर यायचं. ती ते मनात तयार करून, तपासून, नीट लावून ठेवेपर्यंत मागच्या बाकावरचा कोणीतरी चुकीचं उत्तर ठोकून हशा मिळवायचा आणि सर पुढे जायचे. तिला स्वतःचा राग यायचा. राग येऊन जायचा, तोंड मात्र उघडायचं नाही.

मग सर्व्हेचं प्रॅक्टिकल सुरू झालं. कॉलेजमागच्या मैदानात ठिकठिकाणी खुंट्या ठोकलेल्या होत्या. एका टोकाला तिपाईवर लेव्हल नावाचं दुर्बिणीसारखं यंत्र, दुसरीकडे खुंटीवर उभी धरायची आकडे छापलेली, घडी घालता येणारी उंच पट्टी. त्या पट्टीला सगळे स्टाफ म्हणत. यंत्रातून स्टाफवरचा आकडा वाचायचा आणि जमीन कुठे उंच, कुठे सखल ते काढायचं. ग्रुप पाच जणांचा. त्यातल्या एकाला निवडून न देताच सगळे पुढारी म्हणत. त्याने धाकटीकडे पाहिलं आणि स्टाफ तिच्या हातात दिला. "तू उंच आहेस, तू धर."

तिच्या उंचीचा कोणाला उपयोग व्हायची ही पहिलीच वेळ.

जागाही अशी, की देवाने विचारून दिली असती तरी तिने हीच मागितली असती. यंत्रापाशी चौघांची दाटी, थट्टामस्करी, वादावादी; स्टाफपाशी ती एकटी. बोलायचा प्रश्नच नाही. पलीकडून हात हलला की डावीकडे, उजवीकडे, ठीक आहे, पुढच्या खुंटीवर. वर्षभर ती उन्हात उभी राहिली. तिचं नाव खांब पडलं आणि तिला ते आवडलं, कारण नाव ठेवायला आधी माणूस दिसावा लागतो. ताईने फोनवर विचारलं, "मैत्रिणी झाल्या का गं?" तेव्हा ती म्हणाली, "माझा ग्रुप आहे." खोटं नव्हतं ते.

सर अधूनमधून म्हणायचे, "आळीपाळीने धरा रे," आणि सावलीला जायचे. एकदा पुढाऱ्यानेही विचारलं होतं, "खांब, तुला बघायचंय का यातून?" तिने मान हलवली. "राहू दे." तेव्हा दोष द्यायचा तर निम्मा तिलाच द्यावा लागेल.

वार्षिक परीक्षेची सूचना लागली तेव्हा तिची पाचावर धारण बसली. प्रत्येकाने एकट्याने यंत्र लावायचं, एकट्याने वाचायचं. नापास झालं तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. धाकटीला पुस्तक तोंडपाठ होतं आणि यंत्राला तिने कधी डोळा लावला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी तिने चौघांसाठी स्टाफ धरला. तिचा नंबर शेवटचा. तो येईपर्यंत मैदान रिकामं झालं होतं. गरज सरो, वैद्य मरो.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलं, "तुझा स्टाफ कोण धरणार?"

लॅबचे मामा पुढे झाले. "मी धरतो की."

"ग्रुपमधलंच कोणीतरी हवं. जा, घेऊन ये. लवकर."

चौघं कँटीनमध्ये होती. ती टेबलाशी जाऊन उभी राहिली, कोणी वर बघेल म्हणून. पुढाऱ्याने पाहिलं. "ये, बस. चहा सांगू?"

"माझी परीक्षा राहिलीय," ती म्हणाली.

"अरेच्चा. खरंच की." चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी वाईट नव्हतं. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि हेच तिला जास्त लागलं. पुढारी अर्धा कप टाकून उठला.

यंत्र समतल बसवायला त्याच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणावा लागतो, त्यात तिचा फार वेळ गेला. मग तिने डोळा लावला आणि पुढारी उलटा दिसला, डोकं खाली, पाय वर. जुन्या यंत्रात असंच दिसतं हे तिने पुस्तकात वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं. पहिल्या खुंटीचा आकडा तिने लिहिला, दुसरीचा लिहिला, तिसरीचा लिहिला.

"झालं का गं? हात भरून आले," पुढारी तिकडून ओरडला.

तिने कागदाकडे पाहिलं. दुसरी खुंटी पहिलीपेक्षा उंचावर निघत होती. पण तिथे तर खोलगट होतं. पावसानंतर तिथेच तिचे बूट भिजायचे; वर्षभर ती त्या जागेवर उभी होती. म्हणजे उलट्या चित्रातले आकडे तिने उलटेच वाचले होते. वरून खाली वाचायचे ते खालून वर.

पुढाऱ्याने स्टाफ मिटायला घेतला होता. मॅडम घड्याळाकडे पाहत होत्या. तो कागद तसाच दिला असता तर कोणालाही त्रास झाला नसता, आणि कोणाला त्रास न देणं हेच तर तिला आजवर जमलं होतं.

"मिटू नकोस," ती ओरडली. "पहिल्या खुंटीवर जा. सगळी मापं परत घ्यायचीत."

"सगळी? अगं, ऊन बघ किती आहे."

"माहितीये मला," धाकटी म्हणाली, आणि त्याला अजून थोडं डावीकडे सरकायची खूण केली.