साडूंचं लहानसं रिव्हॉल्व्हर

आमच्या साडूंइतका सावध माणूस उभ्या जर्मनीत दुसरा सापडणार नाही, आणि जर्मनी हा सावधपणात कुणाला हार जाणारा देश नव्हे हे ध्यानात घेतलं तर या विधानाचं वजन कळेल. भर दुपारी, दोन्ही बाजूंना चिटपाखरू नसताना, लाल सिग्नलला ते असे उभे राहतात की शेजारी उभ्या असलेल्या जर्मन आजीबाईंनाही अवघडल्यासारखं व्हावं. त्यांच्याकडे घरातल्या सामानाचा विमा आहे, दाताचा आहे, सायकलचा आहे, आणि विमा कंपनी बुडाली तर काय, याचीही काही तरी तजवीज त्यांनी केली असणार अशी मला दाट शंका आहे. माझे सासरे सांगायचे की हे गृहस्थ माझ्या मेहुणीला बघायला आले तेव्हा मुलीकडे कमी आणि घराच्या वायरिंगकडे जास्त बघत होते. चहा-पोहे झाले, दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, आणि साडूंनी भावी पत्नीला उद्देशून काढलेले पहिले शब्द होते, "तुमचा मेन स्विच जिन्याखाली आहे, हे तुम्हाला बरं वाटतं का?" ताई म्हणते की त्याच क्षणी तिला कळलं, या माणसाबरोबर संसार केला तर कंटाळा येईल, पण शॉक लागणार नाही.

देवानं त्यांना नोकरीही नेमकी अशीच दिली. न्युर्नबर्गच्या एका कंपनीत रुग्णालयात लागणारी यंत्रं बनतात, आणि त्या यंत्रांत काय काय बिघडू शकेल याचा विचार करण्याचा त्यांना पगार मिळतो. हा विचार ते घरीही फुकट करतात. मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा एक अख्खा हिवाळा ताईच्या घरी चटणी झाली नाही, कारण मिक्सरांची तुलना चालू होती. आम्ही दोन्ही कुटुंबं एर्लांगेनमध्ये सायकलनं पाच-सात मिनिटांच्या अंतरावर राहतो, त्यामुळे या तुलनांचा पहिला श्रोता मीच. ते मला 'राव' म्हणतात. सल्ला मागत नाहीत. आपण सल्ला मागितला असता तर मी काय दिला असता आणि तो का चुकीचा ठरला असता, हे समजावून सांगतात.

तर असा माणूस एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरात चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला, "राव, मी रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणतोय. लहानसं. जॅकेटच्या आत आहे हे कुणाला कळणार नाही, असं."

माझं बिस्किट चहात पडलं. त्यांचं पडलं नाही. ते वेळेत बाहेर काढतात.

"खरं रिव्हॉल्व्हर?"

"छे हो. खरं इथे तुम्हाआम्हाला कोण देतो? श्रेकशुस. नुसता आवाज होतो, गोळी सुटत नाही. पण दिसायला हुबेहूब. विकत कुणाही सज्ञान माणसाला मिळतं, फक्त अंगावर बाळगायला परवाना लागतो. क्लायनर वाफेनशाइन. मी अर्ज केलाय."

"पण कशासाठी?"

"असावं एखादं," असं म्हणून त्यांनी बशी धुवायला घेतली.

पुढचे काही आठवडे आमच्या दोन्ही घरांत दुसरा विषय नव्हता. परवान्याआधी सरकार माणसाची चौकशी करतं, आणि साडू चौकशीत 'विश्वासार्ह' ठरले. "इतक्या वर्षांच्या संसारात मी हे सर्टिफिकेट दिलं नाही," ताई म्हणाली, "जर्मन सरकारनं न बघता देऊन टाकलं." मग निवड सुरू झाली. पिस्तूल की रिव्हॉल्व्हर हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निकालात निघाला, कारण पिस्तुलात अडकण्यासारखे भाग जास्त. मग पाच बारांचं की सहा? सहाचं चक्र जाड, पोटापाशी फुगवटा येतो. "तुमच्या पोटापाशी आणखी एक फुगवटा कुणाच्या लक्षात येणार आहे?" असं ताईनं विचारलं, पण ते त्यांनी ऐकलं नाही. मग रंग. चंदेरी चकाकतं, म्हणून बाद. मूठ लाकडी की रबरी? लाकडी घामानं निसटते. आणि सगळ्यांत अवघड मुद्दा म्हणजे मागचा घोडा. तो बाहेर असला तर ऐन वेळी खिशाच्या अस्तरात अडकतो. म्हणून घोडा आत लपलेला हवा. हे दाखवायला त्यांनी माझ्याच कोटाच्या खिशात चमचा घालून तो घाईघाईत बाहेर ओढला. अस्तर फाटलं. "बघा!" ते समाधानानं म्हणाले.

वजनाचा प्रश्न मात्र कागदावर सुटेना. दिवसभर ते ओझं कमरेला झेपेल का, ट्रेनमध्ये बसताना टोचेल का, वाकताना पडेल का? परवाना येईपर्यंत साडूंनी बरोबर तेवढ्याच वजनाचा एक लांबट बटाटा शोधून काढला आणि तो कमरेच्या चामडी पाकिटात घालून ऑफिसला जायला सुरुवात केली. रोज सकाळी ताई दारातून ओरडायची, "बटाटा घेतलात ना? येताना कांदे आणा." बटाटा ट्रेनमध्ये बसला, मीटिंगमध्ये बसला, दोनदा कँटीनमध्येही जेवला. शेवटी आमच्या मंडळाच्या गणपतीत साडू आरतीनंतर नमस्काराला वाकले आणि बटाटा पाकिटातून निसटून सतरंजीवरून घरंगळत थेट नैवेद्याच्या ताटापाशी जाऊन थांबला. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी आधी बटाट्याकडे आणि मग साडूंकडे पाहिलं.

"हे काय हो?"

"ट्रायल आहे," साडू गंभीरपणे म्हणाले, बटाटा उचलला, रुमालानं पुसला, आणि परत कमरेला लावला. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "पाकीट सैल आहे. बरं झालं कळलं. तसंही गर्दीच्या कार्यक्रमात खरं रिव्हॉल्व्हर आणायला कायद्यानं बंदी आहे." बटाट्यावर बंदी नव्हती, ही त्यांच्या दृष्टीनं कायद्यातली फट होती.

परवाना आला तसे आम्ही दोघं न्युर्नबर्गच्या एका जुन्या दुकानात गेलो. शिकाऱ्यांचे हिरवे कोट, रबरी बूट, भिंतीवर हरणांची शिंगं, आणि काउंटरमागे साठीच्या पुढच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई. साडूंनी प्रश्नांना सुरुवात केली. बाई एकेक रिव्हॉल्व्हर मखमलीवर ठेवत होत्या आणि साडू ते जॅकेटच्या आत घालून खुर्चीवर बसत होते, उठत होते, वाकत होते, काल्पनिक बसमागे धावत होते, आणि मध्येच थांबून मला विचारत होते, "दिसतंय?" सायकलवर बसल्याचा अभिनय करताना त्यांनी एका भुसा भरलेल्या रानडुकराला धक्का दिला आणि त्याची माफीही मागितली. मला हसू आवरेना. बाईंनी मात्र सगळं शांतपणे पाहिलं. शेवटी आखूड नळीचं, काळं, आत लपलेल्या घोड्याचं, तळहातावर मावेल असं एक रिव्हॉल्व्हर बाजूला काढून त्या म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी ठीक आहे." आणि मग, पिशवी शोधता शोधता, जणू पावती हवी का असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बरं, काय झालं होतं तुमच्या बाबतीत?"

इतक्या आठवड्यांत हा प्रश्न त्यांना असा सरळ कुणी विचारला नव्हता. मी 'कशासाठी' विचारलं होतं, ताईनं 'कशाला' विचारलं होतं. साडू खुर्चीवर बसले, आणि संथ, शुद्ध जर्मनमध्ये, एकही शब्द न अडखळता सांगू लागले. मनातल्या मनात त्यांनी ते किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे.

मागच्या शरद ऋतूत, संध्याकाळी ऑफिसहून येताना, स्टेशनच्या पुढच्या उंटरफ्युरुंगमध्ये, म्हणजे रुळांखालून जाणाऱ्या त्या पादचारी बोगद्यात, काही तरुण पोरांनी त्यांना अडवलं होतं. मारलं नाही, काही चोरलं नाही. डोक्यावरची लोकरीची टोपी काढून घेतली आणि आपापसांत फिरवत बसले. कुठला आहेस विचारलं. हे म्हणाले, एर्लांगेनचा. त्यावर ते खूप हसले. 'बिट्टं', म्हणजे प्लीज, म्हण, मग देतो, म्हणाले. यांनी म्हटलं. अजून मोठ्यानं म्हण, म्हणाले. यांनी मोठ्यानं म्हटलं. शेवटी एकानं टोपी डोक्यावर ठेवली आणि गालावर थापटलं. "जोरात नाही," साडू बाईंना म्हणाले, "लहान मुलाला थोपटतात तसं. आणि मी, मॅडम, सवयीनं त्याचे आभार मानले. 'डांकं' म्हणालो."

बाईंनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर साडूंनी ती टोपी स्वतः धुतली होती, कारण ती ताईनं विणलेली होती आणि तिनं काही विचारायला नको होतं.

रिव्हॉल्व्हर घेतलं. परतीच्या ट्रेनमध्ये ते मला म्हणाले, "घरी बोलू नका हं, राव." मी मान डोलावली. ते खिडकीबाहेर बघत राहिले, एक हात जॅकेटवर.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. पहिल्याच आठवड्यात, त्याच बोगद्यातून येताना, मागून धावत येणारी पावलं ऐकू आली. पावलं जवळ आली आणि कुणी तरी ओरडलं. साडू गर्रकन वळले, आणि हात आत गेला. त्यांची निवड अचूक होती. घोडा अस्तरात अडकला नाही, मूठ निसटली नाही, पाकीट सैल नव्हतं. रिव्हॉल्व्हर अर्धं बाहेर आलं. समोर त्यांच्याच वयाच्या एक बाई उभ्या होत्या, धापा टाकत, हातात साडूंचा पडलेला हातमोजा. त्यांनी ती काळी मूठ पाहिली आणि दोन्ही हात वर केले, हातमोज्यासकट.

"आणि राव," साडू म्हणाले, "त्या मला 'एन्टशुल्डिगुंग' म्हणाल्या. माझा हातमोजा आणून दिला म्हणून त्यांनी माझी माफी मागितली."

त्यांनी बाईंना काय काय सांगायचा प्रयत्न केला ते त्यांनाही आठवत नाही. बाई हातमोजा जमिनीवर ठेवून पाठ न वळवता मागे मागे गेल्या. साडू घरी आले, जेवणाच्या टेबलाशी बसले आणि ताईला आणि त्यांच्या मुलीला, सईला, सगळं सांगितलं. पोरांचं, टोपीचं, बाईंचं. सई तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. ताई रडली, मग चिडली, मग परत रडली. सईनं उठून ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी साडूंनी परवाना परत करायला म्हणून सुट्टी काढली. परवान्याच्या कचेरीतल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "काही तक्रार आलीय का तुमच्याविरुद्ध?" साडू म्हणाले, "नाही, म्हणून तर मी आलोय," आणि घडलेलं सगळं सांगायला बसले. अधिकाऱ्याला जेवायला जायचं होतं, पण साडूंनी आपली चूक नीट लिहून घेतल्याशिवाय त्याला उठू दिलं नाही. रिव्हॉल्व्हर त्यांनी दुकानात परत नेलं. दुकानातल्या बाईंनी काही न विचारता ते ठेवून घेतलं आणि कॉफी दिली. साडू म्हणतात, कॉफी फार कडक होती, हृदयाला चांगली नाही, पण संपवली.

त्या आठवड्यापासून साडूंची ट्रेन यायच्या वेळी बोगद्याच्या स्टेशनकडच्या तोंडाशी, रेलिंगला सायकल टेकवून, सई उभी असायची. पहिल्या दिवशी ते दचकलेच. ती म्हणाली, "इकडेच आले होते, बाबा." दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायचं होतं. तिसऱ्या दिवशी मैत्रीण भेटायची होती. नंतर तिनं कारणं सांगायचं सोडलं आणि त्यांनी विचारायचं. दोघं सायकल मध्ये घेऊन चालत घरी यायचे, आणि साडू तिला चेन सुटून माणूस कसा पडू शकतो ते सांगत असत.

गेल्या शरदात सई शिकायला ड्युसेलडॉर्फला गेली. तिला सोडायला आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो. साडूंनी तिच्या बॅगेत धुराचा अलार्म घातला होता, शिवाय त्याचे जास्तीचे सेल. ट्रेन हलल्यावर त्यांनी हात केला आणि बराच वेळ तो खाली घ्यायला विसरले.

परवा मी त्यांच्याबरोबर न्युर्नबर्गहून आलो. ट्रेनमधून उतरल्याबरोबर त्यांनी फोन काढला आणि सईला लावला. "हं, उतरलो. राव आहेत बरोबर. तू जेवलीस? काय जेवलीस?" आम्ही पायऱ्या उतरून बोगद्यात शिरलो. रुळांखाली फोनला रेंज नसते. दोन पावलांत आवाज तुटला. मी म्हटलं, "अहो, कट झाला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोन कानालाच ठेवला आणि बोलत राहिले. भातात पाणी किती घालायचं, सायकलचं कुलूप कुठलं चांगलं, थंडी वाढतेय, स्वेटर घाल. समोरून लोक येत होते, जात होते. पिवळ्या दिव्यांखाली साडू मजेत चालले होते. आम्ही पलीकडच्या पायऱ्या चढून उघड्यावर आलो आणि त्यांच्या हातातला फोन वाजला.

"हो गं," ते म्हणाले, "आलो बाहेर."