फळी कुणी लावली

केशरआक्का मला कधीच आवडली नाही. ती बारा कोयत्यांची टोळी चालवायची, म्हणजे नवरा-बायकोच्या बारा जोड्या. रोज सकाळी फडात उसाला कोयता लावायच्या आधी सगळ्यांसमोर उभी राहायची आणि आदल्या दिवशी आपलं काय चुकलं ते मोठ्यानं सांगायची. "काल तुमाला लांबच्या फडात नेलं आन् प्यायला पाणी न्हाई. टाकी भरून घ्यायचं काम माझं व्हतं. माझ्या ध्यानात राह्यलं न्हाई." एवढं बोलून एकेकाच्या तोंडाकडं बघत गप्प राहायची. मग कुणीतरी डोकं खाजवत आपलंही काही कबूल करायचं. मी खाली बघून कोयत्याला धार लावायचो. मनात म्हणायचो, सकाळी सकाळी नाटक लावलंय बाईनं.

आम्ही शिरूर कासारकडचे. दिवाळी झाली की माजलगावच्या बाजूला ऊस तोडायला जायचो. आक्काचा नवरा मुकादम होता. तो वारला तेव्हा मला वाटलं, आता मुकादम मीच. मी चौथी शिकलेला, सही करणारा. ती अंगठा उठवणारी. पण टोळीनं तिलाच धरलं. पुढं एका साली मी वेगळी टोळी केली. ती संक्रांतीच्या आत फुटली. माणसं आळशी निघाली असं मी सांगत फिरलो. माझी बायको पारू म्हणाली, "माणसं तीच हायेत. आक्काकडं मग कशी राबत्यात?" मी तिच्या अंगावर ओरडलो, आणि पुढच्या साली मान खाली घालून आक्काकडंच गेलो.

एकदा आक्कानं बांध चुकवला. आमचा फड अलीकडं, आणि आम्ही पलीकडच्या शेतकऱ्याच्या दोन सऱ्या आडव्या केल्या. तो दांडकं घेऊन आला. मी आक्काच्या कानात म्हणालो, "शेत दाखवणाऱ्यावर ढकल. तो काय इथं न्हाई." ती म्हणाली, "त्यानं नीट दाखवलं व्हतं. म्याच चुकले." आणि गेली पुढं. त्यानं तिचे आईबाप काढले. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "झालं का बोलून? आता ह्या उसाचं काय करायचं ते सांगा, आमी करतो." मला तिची कीव नाही आली, राग आला. सगळ्या टोळीची लाज घालवली बाईनं. पण त्या दिवशी एकही जोडी भाकरी खायला बसली नाही. सगळे तिच्यासाठी तोडत राहिले. तेही मला बघवलं नाही.

मोळ्या डोक्यावर घेऊन बायका लाकडी फळीवरून ट्रॉलीत चढायच्या. आक्काचा नियम होता, जो फळी लावील त्यानं तिच्या बुडाला दगड लावायचा आणि पहिली मोळी स्वतः चढवायची. एके दिवशी फळी मी लावली. दगड आणायचा कंटाळा केला आणि बाजूला तंबाखू मळत बसलो. पारू माझ्या भरवशावर चढली. फळी सरकली, पारू मोळीसकट खाली आली आणि तिची कंबर मोडली.

तिला दवाखान्यात पाठवल्यावर आक्का म्हणाली, "म्या फळी बघितली न्हाई, ही माझी चूक. लावली कुणी?"

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर मधुकर समोरच उभा होता. मी बोट दाखवलं. "ह्यानं गाडी हलवली."

"खोटं बोलतो बे!" तो ओरडला. "गाडी बंद व्हती!"

पण ज्याची बायको पडली त्याला खोटा कोण म्हणणार? ट्रॅक्टरच्या मालकानं मधुकरला त्याच दिवशी काढून टाकलं.

पारू बारा वर्षं वाकून चालली. रोज संध्याकाळी तिच्या कमरेला तेल चोळताना मी मधुकरला शिव्या द्यायचो. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. यंदा ती गेली.

दहाव्याला आक्का आली. मी चारचौघांत बोललो, "हिच्या टोळीत माझी बायको मोडली. आता आली तोंड दाखवाया." लोक पांगल्यावर ती जवळ आली.

"पारूनं तुला फळी लावताना बघितलं व्हतं. चार सालांमागं मला सांगितलं तिनं. म्हणाली, त्यांचं ते बोलतील, तू मधी पडू नको."

मी खाली बसलो. मग राग आला, तोच पुन्हा. "मंग तू कावून गप बसली चार वर्षं? लई शानी ना तू?"

"ते माझं चुकलं. मधुकरला सांगाया हवं व्हतं. उद्या जाते. तुझं तू बघ."

"माझ्या बायकोचं दुखणं सांगणारी तू कोण गं?" म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी तिनं धरली त्याच एसटीत बसून माजलगावला गेलो.

मधुकरचं आता पंक्चरचं दुकान आहे. आक्का सरळ म्हणाली, "तुझी गाडी बंद व्हती हे मला चार वर्षं ठाऊक हाय. म्या बोलले न्हाई."

त्यानं हातातला पान्हा आपटला. "चार वर्षं? बाई पाडणाऱ्याची बायको म्हणत्यात माझ्या बायकोला! सोयऱ्याच्या लग्नात जात न्हाई ती. आन् तू मुकादमीण म्हणून मिरवतीस, थेरडे?"

आणखी बरंच बोलला. खरं सांगतो, मला आधी बरं वाटत होतं. बसू देत शिव्या म्हातारीला. पण त्या शिव्या माझ्या होत्या, आणि ती त्यातली एकही माझ्याकडं वळवत नव्हती. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

"तिला बोलू नको," मी म्हणालो. "फळी म्या लावली. दगड लावला न्हाई. तुझ्यावर खोटं घातलं."

मधुकर माझ्याकडं वळला. "मला काय सांगतो बे? मला ठाऊकच हाय. घरात चल. माझ्या बायकोपुढं बोल."

घर दुकानाच्या मागंच होतं. आक्का सवयीनं पुढं निघाली.

"तू थांब," मी म्हणालो, आणि तिच्या आधी आत गेलो.