सुट्टीत विमानानेच जाणारा ड्रायव्हर

आयलिफ ब्रेकहूसने एकतीस वर्षं ओस्लो-बर्गन मार्गावर आगगाडी चालवली, पण सुट्टीत बायकोला घेऊन बर्गनला जायचं झालं की तो विमानाची तिकिटं काढायचा. दोघांच्या नावाचा रेल्वेचा फुकट पास स्वयंपाकघरातल्या खणात पडून असायचा. विमानतळावरसुद्धा तो बसने जायचा. ड्रामनमधल्या त्यांच्या गल्लीत याची चेष्टा व्हायची.

"काय रे, स्वतःच्या गाडीवर भरवसा नाही वाटतं?" शेजारचा ओडवार कुंपणावरून विचारायचा.

"वर्षभर तिच्यातच बसतो. सुट्टीत तरी तिचं तोंड नको बघायला," आयलिफ म्हणायचा, आणि सगळे हसायचे. त्याची बायको तोरिलही हसायची.

तोरिल शाळेत शिवणकाम शिकवायची. माहेर बर्गनचं. थोरली बहीण मार्गुन अजून तिथेच, बंदरावरच्या चढावरच्या जुन्या घरात राहायची. दर जुलैत दोन आठवडे तिच्याकडे जायचं ठरलेलं. विमान पन्नास मिनिटांत पोचवायचं. उतरताना तोरिलचे कान दुखायचे आणि ती कान दाबून, डोळे मिटून बसायची.

"हा काय प्रवास झाला?" ती म्हणायची. "वर चढलो, खाली आलो. त्या रुळांवरून मी शंभरदा गेले असेन रे, पण तुझ्या शेजारी बसून एकदाही नाही. तू पुढे इंजिनात आणि मी मागे डब्यात, नाहीतर घरी."

"पुढच्या वर्षी जाऊ."

असं करता करता तो निवृत्त झाला, त्यालाही सहा वर्षं झाली, तरी ते पुढचं वर्ष आलं नाही.

यामागचं कारण आयलिफने कोणालाच सांगितलं नव्हतं. १९९४च्या मार्चमध्ये, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, फ्लो स्टेशनच्या पुढे नदीकाठच्या वळणावर एक माणूस रुळांच्या मधोमध उभा होता. आयलिफने ब्रेक ओढला, भोंगा दाबून धरला. एवढी मोठी गाडी, थांबायला पाऊण किलोमीटर लागला. संध्याकाळी घरी येऊन तो तोरिलला म्हणाला, "लायनीवर काम होतं, उशीर झाला." पुढचे तीन आठवडे घरी राहिला ते तापाच्या नावाखाली. मग परत कामावर गेला आणि निवृत्त होईपर्यंत तेच वळण शेकडो वेळा ओलांडलं. इंजिनात हात ब्रेकवर असायचा, नजर पुढे असायची, तेवढ्यावर निभायचं. पण एकदा डेपोच्या कामासाठी तो प्रवासी म्हणून डब्यात बसला. हात रिकामे, समोर फक्त पुढच्या सीटची पाठ. वळण यायला तासभर अवकाश असतानाच हनेफोसला उतरला आणि फलाटावर घामाने निथळत उभा राहिला. त्यानंतर तो डब्यात कधीच बसला नाही.

यंदा एप्रिलमध्ये तोरिलच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, उन्हाळा मिळेल, पुढचं सांगता येत नाही. तोरिलने ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाली, "जुलैत ताईकडे जायचं. आणि आगगाडीने जायचं."

मुलगी इंगविल्ड ओस्लोत नर्स होती. ती धावत आली.

"आई, सहा-सात तास गं! विमानात पन्नास मिनिटं. व्हीलचेअर थेट दारापर्यंत नेतात. मध्येच दुखायला लागलं तर डोंगरात काय करणार आहेस?"

"गोळी घेईन. डोंगरात काय गोळी चालत नाही?"

"बाबा, तू तरी सांग ना हिला!"

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. आयलिफने कपातली कॉफी ढवळली. त्यात ढवळण्यासारखं काही नव्हतं, तो साखर घ्यायचाच नाही.

"विमान बरं," तो म्हणाला.

"ठीक आहे, मग तू विमानाने ये," तोरिल म्हणाली. "मी मागाहून येते. बर्गनला फुलं घेऊन उभा राहा."

इंगविल्डला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. आयलिफ उठून गॅरेजमध्ये गेला, तिथे बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खणातल्या पासावर आगगाडीची दोन तिकिटं काढली. डाव्या बाजूची, कारण वरचे बर्फाचे डोंगर तिकडून दिसतात. खिडकीची जागा तोरिलची.

जुलैतल्या मंगळवारी ते निघाले. तपकिरी चीज लावलेले ब्रेडचे तुकडे कागदात गुंडाळलेले, थर्मासमध्ये कॉफी, पाठीला उशी. आदल्या रात्री दुखण्याने तोरिलचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण चेहरा शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखा होता. कुठला सिग्नल, कुठला बोगदा, ती विचारत होती आणि तो सांगत होता. हनेफोस गेलं तशी त्याची उत्तरं तुटक झाली. नदी शेजारी आली. फ्लो मागे पडलं. आयलिफने सीटचा हात घट्ट धरला, ब्रेक ओढावा तसा मागे खेचला.

तोरिल खिडकीबाहेरच बघत होती. तिने न वळता त्याच्या हातावर हात ठेवला.

"इथेच ना?"

आयलिफला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"डेपोतून फोन आला होता. त्याच दिवशी, तू घरी पोचायच्या आधी. म्हणाले, त्यांना एकटं सोडू नका."

"आणि तू काहीच बोलली नाहीस? अठ्ठावीस वर्षं?"

"तू सांगशील म्हणून थांबले रे. बळजबरीने कसं काढून घ्यायचं? वाटायचं, एकदा या गाडीत शेजारी बसलो की तूच बोलशील. म्हणून तर तुझ्या मागे लागले होते."

त्याने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात कॉफीची गाडी ढकलत पोरगेलासा कर्मचारी आला, "काही हवंय का?" करून गेला. वळण संपलं होतं. बाहेर गवताचे भारे पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले दिसत होते.

"सांगतो," आयलिफ म्हणाला. "गोल स्टेशन जाऊ दे, मग सांगतो."

"सांग सावकाश. मी कुठे जातेय?"

गोल यायच्या आधी तिला दुखायला लागलं. तिने गोळी घेतली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. गोल गेलं, यायलो गेलं. झाडं खुजी होत होत संपली. तळ्यांवर अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते, ऊन लख्ख पडलं होतं. फिन्सेला, मार्गावरच्या सगळ्यात उंच स्टेशनवर, लोक मोबाइल घेऊन खिडक्यांशी उभे राहिले. समोर बर्फाची अख्खी पाठ उघडी पडली होती. एकतीस वर्षांत असा दिवस त्याने मोजून आठ-दहा वेळा पाहिला असेल. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा श्वास संथ चालला होता, कपाळावरची आठी कित्येक दिवसांनी गेली होती. गाडी चार मिनिटं थांबली. चारही मिनिटं त्याचा हात तिथेच होता. गाडी सुटल्यावर त्याने तो काढून घेतला.

ती व्होसच्या अलीकडे जागी झाली.

"फिन्से आलं का?"

"गेलं."

"उठवायचंस ना रे."

"इतकी शांत झोपली होतीस."

तोरिलने बाहेर पाहिलं. तिथे आता नुसतीच झाडं होती. "बरं," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "मग? सांगणार होतास."

आयलिफने इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या सीटवर एक जोडपं पत्ते खेळत होतं.

"मार्गुनकडे पोचू. निवांत सांगतो."

तिने परत विचारलं नाही.

मार्गुन स्टेशनवर रेनकोट घालून उभी होती. तिने बहिणीला मिठी मारली आणि लगेच ओरडली, "किती वाळलीस गं! हा खायला घालतो की नाही?" पहिले चार दिवस चांगले गेले. दोघी बहिणी गच्चीत बसून आईच्या पडद्यांवरून भांडल्या, माशाचं सूप प्यायल्या. आयलिफ जवळच असायचा, पण मार्गुनही असायची. पाचव्या दिवशी तोरिलला ताप भरला. इस्पितळात नेलं, इंगविल्ड विमानाने आली. तिथे सतत कोणी ना कोणी यायचं, सलाईन बघायचं, कूस बदलायचं. आठव्या दिवशी खोलीत तो एकटा होता. त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. मॉर्फिनची झोप होती, हाका मारूनही ती डोळे उघडत नव्हती. झोपलेल्या माणसाला काय सांगायचं, असं वाटून तो मागे सरकला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोरिल गेली.

तिच्या इच्छेप्रमाणे तिला बर्गनलाच, आई-वडिलांच्या शेजारी ठेवलं. नंतर इंगविल्डने विचारलं, "बाबा, आपण घरी कशाने जायचं?"

"तुला सोपं पडेल त्याने."

तिने विमानाची तिकिटं काढली. विमानतळावर धुकं होतं, सगळीच विमानं दीड-दोन तास उशिरा होती. इंगविल्डने दोन कॉफी आणि दालचिनीचा एक बन आणला, अर्धा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मी उगाच विमानाचा हट्ट धरला होता," ती म्हणाली. "गाडीत तिला मजा आली असेल ना?"

आयलिफने बनकडे पाहिलं आणि बोलायला लागला. मार्चची सकाळ, नदी, वळण. तो माणूस साधारण त्याच्याच वयाचा होता. त्याने आपली पिशवी रुळांच्या कडेला नीट उभी करून ठेवली होती, हातमोजे काढून तिच्यावर ठेवले होते. भोंग्याने तो दचकला नाही. त्याने वर पाहिलं, काचेतून थेट आयलिफकडे, आणि मान हलवली, जणू माफी मागत होता. नाव अहवालात वाचलं होतं, ते आयलिफने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं. मग गाडीतलं सगळं सांगितलं. फिन्सेचंही.

इंगविल्ड रडत होती. शेजारच्या बाकावरची बाई बॅग उचलून लांब जाऊन बसली.

"हे तू आईला सांगायला हवं होतंस, बाबा."

"हो."

"ती वाट बघत होती."

"हो."

त्यांच्या विमानाची घोषणा झाली. रांग लागली, सरकली, संपली. दारातल्या मुलीने माइकवरून दोघांची नावं पुकारली तेव्हा इंगविल्डने डोळे पुसले, बापाला हाताला धरून उभं केलं आणि दोघं दाराकडे चालू लागले.