काडी आधी, नॉब मागून

मयताचे नाव शामराव इंगवले, सेवानिवृत्त इंजिनिअर, राहणार कळंबा रस्ता, कोल्हापूर. बातमी आणणारे त्यांचे शेजारी पांडबा चौगुले. वेळ सोमवार सकाळ, स्थळ कचेरीच्या आवारातील माझे टेबल. पुढील हकिकतीस साक्षीदार : शामरावांच्या पत्नी सुमनवहिनी, उपरोक्त पांडबा आणि ऑक्सिजन प्लांटमधील सलीमभाई. निवेदक अर्जलेखक असून शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. तथापि त्याच्या हातचा अर्ज शब्दरचनेच्या कारणाने परत आल्याचे एकही उदाहरण नाही.

"रायटर, इंगवले गेलं की वो... झोपेतच," पांडबा म्हणाले आणि लगेच आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "आता त्या खोलीचं काय?" मृत्यूच्या बातमीमागोमाग असा प्रश्न येणे अशोभनीय होय. परंतु तो माझ्याही मनात उभा राहिला होता.

शामरावांनी सारी नोकरी दक्षिणेत रॉकेटच्या इंजिनांच्या चाचण्या घेण्यात घालवली. निवृत्तीनंतर परसातल्या पत्र्याच्या खोलीत ते तांब्याएवढे इंजिन जुळवू लागले, तेव्हा 'शेजारी बॉम्ब करतो' अशी तक्रार पांडबांनी माझ्याकडून लिहवून घेतली. तक्रारीत तपशील भक्कम हवा, हा माझा शिरस्ता. म्हणून मसुदा घेऊन मी थेट शामरावांकडेच गेलो. त्यांनी चष्मा लावला, शांतपणे वाचले आणि म्हणाले, "बॉम्ब खोडा. बॉम्ब एका दणक्यात जातोय. माझं दमानं जळाय पायजे." आपल्याविरुद्धची तक्रार त्यांनी स्वहस्ते दुरुस्त करून दिली, आणि त्याच बैठकीत मी त्यांच्या वतीने चाचणीच्या परवानगीचा अर्ज लिहिला. दोन्ही कागद एकाच कार्यालयात दाखल झाले. उत्तर एकालाही आले नाही. आमची मैत्री मात्र तेथून सुरू झाली.

पुढे संध्याकाळच्या चहाला मी जाऊ लागलो. शामराव सांगत, रॉकेटला वर हवा मिळत नाही, म्हणून इंधनासोबत ते जाळणारा पदार्थही बरोबर न्यावा लागतो. खरी परीक्षा ही जोडी निवडण्याची. "एक जोडी हाय नायट्रिक आम्ल आन् हायड्राझिनच्या जातीचं इंधन. भेटलं की पेटलं! काडी नको, ठिणगी नको. आभाळात इंजिन बंद करून पुन्हा चालू करायचं तर असला भरवसा दुसऱ्यात न्हाय. पर दोन्ही विषारी. डब्यात ठेवलं तर वरीसभर तसंच दबा धरून बसतंय." दुसरी जोडी रॉकेल आणि थंडगार, पातळ केलेल्या ऑक्सिजनची. ती दमदार, पण आपणहून पेटत नाही. "सुमन, गॅस कसा पेटवतीस?" त्यांनी आतल्या खोलीकडे हाक दिली.

"काडी आधी वढते, मग नॉब फिरवते. का?"

"आन् उलटं केलं तर?"

"भुवया जातील की! तुमच्या गेलत्या न्हाय का, लग्नाच्या वर्षी?"

"झालं! इंजिनाचं बी तेवढंच," शामराव हसत म्हणाले. "आत आधी इंधन साचलं आन् ठिणगी मागनं आली, तर इंजिनच फुटतंय." यासाठी त्यांनी बुलेटचा स्पार्क प्लग बसवून घेतला होता : आधी छोटी ज्योत, ती धरल्याची खात्री, मगच मोठे व्हॉल्व्ह. "मग जोडी कुठली घेणार?" मी विचारले. "ठरंना अजून," ते म्हणाले. "पहिलीवर हात बसलाय माझा..." आणि ठरले ते न सांगताच गेले.

खोलीला कुलूप होते. वहिनींनी सांगितले की आतून फुस्स फुस्स असा आवाज येतो, सर्प असल्यासारखा. स्वतःच्याच घरात झोपण्याची त्यांना भीती वाटू लागली आणि तक्रारदार पांडबांच्याच घरी त्यांचे अंथरूण पडले. घर विकावे काय, येथपर्यंत बोलणे आले. काही दिवसांनी तो आवाज थांबला, तेव्हा आत आम्लच दबा धरून बसले असावे, अशी भीती अधिकच वाढली.

अशात एके दिवशी ऑक्सिजन प्लांटचे सलीमभाई शामरावांनी नेलेले आपले भाड्याचे भांडे परत न्यायला आले. आम्ही कुलूप काढले. पांडबांनी घाबरून बिडी काढताच सलीमभाई ओरडले, "चौगुले, काडी खिशात ठेवा! आधी दार उघडं राहू द्या." पुष्कळ वेळाने ते आत गेले. आम्ही तिघे अंगणातच थांबलो. आतून भांडे हलवल्याचा पोकळ आवाज आला. मग त्यांनी सारी खोली पाहिली, रॉकेलचा डबा परसाच्या दुसऱ्या टोकाला जुन्या न्हाणीत सापडला, आणि सलीमभाई कपाळ पुसत म्हणाले, "वहिनी, आम्लबिम्ल काय न्हाय. ह्यात पातळ ऑक्सिजन हुता, वाफ हून थोडा थोडा झाकणातनं सुटला आन् खोलीच्या जाळीतनं उडून गेला. साहेब नेताना म्हणालं हुतं, 'पेटवायचा तरास झाला तरी चालंल, पर मी गेल्यावर मागं कुणाला भ्या वाटू नये. हे आपलं आपण जातंय.'"

वहिनी पायरीवर बसल्या आणि प्रथम हसल्या, मग रडल्या. "म्हंजे ते फुसफुसणं..." एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे अंथरूण पांडबांनी स्वतः खांद्यावर घालून घरी आणून दिले.

तो स्पार्क प्लग आता वहिनींच्या ओट्यावर, काडेपेटीशेजारी असतो. परवा त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. काडी ओढली, ज्योत धरल्याचे क्षणभर पाहिले आणि मगच नॉब फिरवला.

सबब संबंधित कार्यालयास विनंती की, परवानगी नसल्याने अर्जदाराने अखेरपर्यंत इंजिन पेटवले नाही, याची नोंद घ्यावी. तक्रारदार तक्रार मागे घेत असून त्यांची सही मी घेतली आहे. मूळ अर्जाचे उत्तर, मग ते होकाराचे असो वा नकाराचे, सुमनवहिनींच्या नावे लेखी द्यावे. त्या आता त्याच घरी राहतात.