सुभेदारांच्या अंगणातली बाई

स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्याच्या अंगणावर उघडत असली, की किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. भाजी फोडणीला टाकेपर्यंत एक होतो, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत दुसरा! आमच्या शेजारच्या सुभेदारांचे तर इतके साठलेत, की कुठला आधी सांगू असं होतं. पण सुरुवात घंटागाडीपासूनच करायला हवी.

त्या सकाळी मी कचऱ्याची बादली घेऊन गेटात उभी होते. मागच्या गल्लीतली एक बाई गाडीवरच्या मावशीला सांगत होती, "सुभेदारांच्या अंगणात म्हणं खरंच बाई पुरलीया. आन् तिच्या अंगावर..."

तेवढ्यात गाडी सुटली, भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं लागलं आणि तिच्या अंगावर काय, ते गाण्यात गेलं! मी बादली घेऊन वळणापर्यंत पळाले. हाती काही लागलं नाही. कचरासुद्धा तसाच परत घेऊन आले.

*

हे सगळं टीव्हीवाल्यांमुळं झालं.

आमची कॉलनी साताऱ्यात, कोरेगाव रोडला. त्या लोकांना टीव्हीसाठी एक थरारक सिनेमा करायचा होता. एक खडूस शेजारी साऱ्या गल्लीला छळतो आणि शेवटी शेजारणीचा खून करून तिला अंगणात पुरतो, अशी गोष्ट. या खडूस माणसासाठी ते बंगला शोधत होते. आमचे सुभेदार मिलिटरीतून रिटायर झालेले. मेंदीचं कुंपण फुटपट्टी लावून कापल्यासारखं, कुंड्या उंचीप्रमाणे उभ्या, आणि गेटावर तीन पाट्या: 'गेट बंद करा', 'पाय पुसा', 'बेल एकदाच वाजवा'.

डायरेक्टरनं बंगल्याला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "इतकं भीतीदायक घर आम्हाला सेट लावूनही मिळालं नसतं!"

सुभेदार खूश. म्हणाले, "शिस्त हाय, साहेब."

*

या शूटिंगमध्ये मलाही काम मिळालं! खिडकीतून डोकावणारी शेजारीण. बोलायचं काही नाही, नुसतं डोकावायचं.

मी डोकावले. डायरेक्टर ओरडला, "कट! काकू, जरा कमी. इतकं कुणी डोकावत नाही हो!"

आमचे हे मागं पेपर वाचत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "आवं, ही रोजच्यापेक्षा कमीच डोकावली आज."

त्याच दिवशी कपडेपटाची मुलगी माझी इरकल साडी मागून घेऊन गेली. जांभळी, पिवळ्या काठाची. जतला माझं माहेर, तिथून आईनं स्वतः आणून दिलेली. "एकाच सीनसाठी पाहिजे, काकू. लगेच परत देते," असं म्हणाली. मला वाटलं, आपण नाही तर साडी तरी टीव्हीवर जास्त वेळ दिसेल.

*

मग कचऱ्याचा सीन आला. सिनेमातला वाईट शेजारी कंपाउंडवरून कचरा फेकतो. नटानं फेकला. कॅमेरा चालू, आणि सुभेदार खराटा-सुपली घेऊन आले, कचरा भरला, गेले! डायरेक्टरनं समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा फेकला. सुभेदार परत हजर!

"अहो काका, तो वाईट माणूस दाखवायचाय!" डायरेक्टर रडकुंडीला आला.

"वाईट असू द्या की," सुभेदार म्हणाले. "पर ओला आन् सुका एकत्र केलाय त्यानं!"

शेवटी शूटिंगचे राहिलेले दोन दिवस डायरेक्टरनं हात जोडून त्यांना सहकुटुंब कोरेगावला बहिणीकडं धाडलं. आणि माझ्या खिडकीसमोर काळं कापड बांधलं! त्या दोन दिवसांत पलीकडं काय झालं, ते मला, कधी नव्हे ते, कळलं नाही.

सुभेदार परत आले तेव्हा टीव्हीवाले गाशा गुंडाळून गेले होते. अंगणातला एक वाफा छान उकरून ठेवलेला. सुभेदारांना कौतुक. "पोरांनी जाताजाता माती भुसभुशीत करून दिली बघा!" आणि त्यात त्यांनी झेंडू लावला.

*

माझी इरकल काही आली नाही. सिंधूवहिनींनी, म्हणजे सुभेदारांच्या बायकोनं, बिचारीनं दोनदा त्या लोकांना फोन लावला. कुणी उचलेना. पण टीव्हीवाले सुभेदारांच्या गेटातून गेले म्हणजे साडीही सुभेदारांनीच घालवली, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

आमच्यात शेजाऱ्याची वाटी रिकामी परत देत नाहीत. चार दाणे साखर तरी घालतात. वहिनींची आमटीची वाटी मी घासून, पुसून, रिकामी दिली.

त्यांनी बघितलं. वाटी आत घेऊन गेल्या.

*

सिनेमा लागला तेव्हा सगळी कॉलनी सुभेदारांच्याच हॉलमध्ये बसली होती. त्यांचाच चिवडा खाल्ला. पुरायचा सीन तर इतका अंधारात, की माझी साडी कुठं दिसलीच नाही. शूटिंग तर सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. तरी दुसऱ्या दिवसापासून दूधवाला गेटाबाहेरूनच हाक मारायला लागला! पोरांचा बॉल अंगणात गेला तर पोरं नवा आणायची. कोपऱ्यावरच्या हौसाबाई वर्षानुवर्षं त्यांच्या झाडाचा कढीपत्ता न्यायच्या. त्या म्हणाल्या, "नगं बाई. मुळं कुठवर गेली असतील, कुणाला ठावं!"

हसायचंच होतं ते. पण नेमकं तेव्हाच अश्विनीचं जमत आलं होतं.

अश्विनी म्हणजे सुभेदारांची एकुलती एक मुलगी, बँकेत आहे. स्थळ आष्ट्याचं. मुला-मुलीची पसंती झालेली, दोघं फोनवर बोलायला लागलेली. पण आमच्याकडं तेवढ्यावर भागत नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी न सांगता गल्लीत येतं, दुकानात विचारतं, शेजाऱ्याकडं पाणी पितं. तसे मुलाचे मामा आले.

किराणावाल्यानं चेष्टा केली, "माणूस एक नंबर. फक्त अंगणात बाई पुरलीय!" आणि हसला. मामांनी सिनेमा बघितला नव्हता. ते हसले नाहीत.

मग मामा माझ्याकडं आले. मी चहा केला. "शेजार कसा हाय, ताई?" त्यांनी विचारलं.

माझ्या डोक्यात साडी. म्हटलं, "माणसं तशी बरी हायती. पर दिलेली वस्तू परत द्यायची सवय न्हाई."

आष्ट्याहून निरोप आला, "कळवतो." आमच्यात 'कळवतो' म्हणजे संपलं. अश्विनी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. वहिनी कंपाउंडपलीकडून म्हणाल्या, "शेजारच्याच कुणीतरी कायतरी सांगितलंय म्हणं."

मी खिडकी लावून घेतली. भरदिवसा! आमचे हे घाबरून विचारायला आले, तब्येत बरी आहे ना म्हणून.

*

आणि मग एका रविवारी सकाळी मुलाची आई स्वतः आली. आक्का म्हणतात त्यांना. बरोबर मामा. गेटात उभ्या राहूनच म्हणाल्या, "सुभेदार, पोरगं हट्टाला पेटलंय. करीन तर हिच्याशीच, म्हंतंय. पर लोक म्हंत्यात, तुमच्या अंगणात बाई हाय. म्या लपवून बोलत न्हाई."

सुभेदार आत गेले, फावडं घेऊन आले आणि मामांच्या हातात दिलं. "खणा. कुठंबी खणा."

सगळी कॉलनी कंपाउंडला लटकलेली. मी खिडकी सोडून थेट अंगणात! मामांनी माती भुसभुशीत बघून झेंडूचाच वाफा धरला. हातभर खणलं, आणि मातीतून पाच बोटं वर आली.

मामा मटकन खाली बसले. सुभेदार पांढरेफटक. "आईशप्पत, मला म्हाईत न्हाई हो!"

आक्का पुढं झाल्या. त्यातलं एक बोट धरलं आणि ओढलं. बाई होती. पुरलेलीही होती. फक्त प्लॅस्टिकची, कापडदुकानात उभी करतात तसली! टीव्हीवाले सीन करून तिला काढायला विसरले होते. आणि तिच्या अंगावर, जे घंटागाडीनं मला ऐकू दिलं नव्हतं, ते जांभळं, पिवळ्या काठाचं.

आक्कांनी पदराची माती चोळून बघितली. "इरकल हाय. अस्सल. कुणाची वं?"

आख्ख्या कॉलनीनं माझ्याकडं बघितलं. मामांनीही बघितलं. ते आक्कांच्या कानाशी लागले. आक्कांनी मान हलवली, बाहुलीच्या अंगावरची साडी सोडली, झटकली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली.

"घ्या. दिली परत. आता सांगा, शेजार कसा हाय? आन् पोरगी?"

मी सांगायला लागले. बालवाडीत ती डबा वाटून खायची तिथपासून. दहावीला आले, बँकेच्या परीक्षेला आले, वहिनींच्या आमटीला आले, वाटीलाही आले. ऊन डोक्यावर आलं. मामा खड्ड्याच्या काठावर पेंगायला लागले.

शेवटी आक्काच म्हणाल्या, "आवं बास की, बाई! तारीख काढायला तरी दिवस शिल्लक ठेवा!"