मध्यरेषेजवळचा बाजा

आमच्या गावच्या कबड्डी संघाला स्वतःचा बाजा होता. सुपारी घेऊन वाजवणारा नव्हे, हौसेचा. कुस्तीच्या मैदानात हलगी घुमते, मग कबड्डीला का नको, असं कुणाच्या तरी मनात आलं आणि आमच्या भागात गावोगावी असे बाजे निघाले, असं जुनी माणसं सांगतात. कुणाकडं नुसती हलगी आणि झांज, कुणाकडं भजनी मंडळातला ढोलकीवाला. आमच्याकडं ड्रम होता, कारण माझे वडील सैन्यातल्या बँडमध्ये ड्रम वाजवून निवृत्त झाले होते. त्यांना आम्ही घरात आबा म्हणायचो; पुढं सगळं गावच म्हणू लागलं. क्लॅरिनेटवर गावातले टेलरकाका, हलगीवर साखर कारखान्यात कामाला असणारे एक मामा, आणि झांजेला ज्याला त्या दिवशी सवड असेल तो.

इतर गावांचे बाजे सामनाभर वाजत राहायचे. आबांना ते पटत नसे. चढाईला गेलेल्या गड्याचा ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम पंचांना ऐकू आला पाहिजे, त्यात आपला गोंगाट कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमचा बाजा नेहमी मध्यरेषेच्या टोकाशी, मैदानाच्या बाहेर बसायचा. आपला खेळाडू रेषा ओलांडून पलीकडं गेला की आबा उजवी काठी वर धरायचे आणि सगळे गप्प. तो परत येऊन रेषेला टेकला की काठी खाली, आणि मग असा दणका उडायचा की समोरच्या गावचे लोकही हसत माना डोलवायचे.

टेलरकाका म्हणायचे, “आवं, जरा आधी सुरुवात केली तर काय बिघडतंय? मला फुंक धरून बसावं लागतंय.”

“तुमी फुंक धरा. त्यो दम धरतोय तिकडं,” आबा म्हणायचे.

आमच्या संघात तेव्हा एक पोरगा होता, चढाईत तरबेज. त्याचं आणि या बाजाचं असं जुळलं होतं की पकड झाली, अंगावर चार-पाच जण पडले, तोंड मातीत गेलं, डोळ्यांना काही दिसेनासं झालं, तरी तो हात ताणत राहायचा आणि कान बाजाकडं ठेवायचा. ड्रम वाजला म्हणजे हात रेषेला लागला. तो म्हणायचा, “मला शिट्टी ऐकू येत न्हाई, आबांची काठी ऐकू येती.” आबांना याचा किती अभिमान होता ते मी सांगू शकणार नाही. सैन्यात त्यांनी मोठमोठ्या संचलनांत वाजवलं होतं, पण त्याबद्दल ते कधी बोलत नसत. हे वाक्य मात्र घरी येऊन आईला ऐकवलं होतं.

मी तेव्हा मिरजेला शिकायला होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि ती चढले ती आबांच्या हट्टामुळं. मिरजेजवळच्या एका गावी जत्रेनिमित्त कबड्डीचे सामने होते आणि आमचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला होता. मी मैत्रिणीला घेऊन एस.टी.नं गेले आणि आबांच्या मागंच उभी राहिले.

मध्यंतरापर्यंत मधल्या रेषेची चुन्याची फक्की पायांखाली विस्कटून गेली होती. आयोजकांनी नवी फक्की टाकली, पण दोरी न धरता अंदाजानं. त्यामुळं जुन्या रेषेचा पांढुरका पट्टा एका बाजूला तसाच राहिला. त्या वेळी ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

शेवटची चढाई आमची. आम्ही एका गुणानं मागं. तो पोरगा गेला, आबांची काठी वर गेली. त्यानं एकाला शिवलं आणि वळला, तोच कुणीतरी घोटा धरला. मग सगळेच तुटून पडले. त्या ढिगाऱ्यातून त्याचा एक हात तेवढा बाहेर आला आणि मातीवरून सरकत सरकत पांढऱ्या पट्ट्याला टेकला.

आबांची काठी खाली आली. टेलरकाका, मामा, झांज, सगळे एकदम सुटले. आमच्या गावचे लोक मैदानात धावले.

तो जुना पट्टा होता. नवी रेषा वीतभर पुढं होती. पंच हात हलवत ओरडत होते, “दम तुटला! बाद!”

मग जे व्हायचं ते झालं. कुणीतरी म्हणालं, “बाजा वाजला म्हणून त्यानं दम सोडला.” दुसरा म्हणाला, “बाजानंच मॅच घालवली.” परतीच्या टेम्पोजवळ आबा त्या पोराकडं गेले. “माझ्यामुळं झालं रं गड्या,” म्हणाले. तो खाली बघत राहिला. लोक त्याच्या पाठीवर थोपटत होते, “तुझी काय चूक न्हाई.”

पुढच्या हंगामात टेम्पो आमच्या दारात थांबला. टेलरकाका आत आले. “आबा, पंच चुकत्यात, खेळाडू चुकत्यात. तुमी एकदा चुकला तर लगेच संन्यास घेताय व्हय?”

“तुमी जावा,” आबा म्हणाले.

“ड्रमशिवाय काय पिपाणी वाजवत बसू?”

आबा हसले नाहीत. बाजा त्या वर्षी गेलाच नाही, आणि नंतरही कधी नाही. आता आमच्या भागातले सामने मॅटवर होतात. दोन चढायांच्या मध्ये स्पीकरवर सिनेमाची गाणी लावतात, तीही अर्धी-मुर्धी. मुलांना त्यातच मजा वाटते, आणि त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही.

तो पोरगा पोलिसात भरती झाला. सध्या सांगलीला असतो, सुट्टीत मुलांना कबड्डी शिकवतो. गेल्या दिवाळीत मी माहेरी असताना तो मोटारसायकलवरून आमच्याकडं आला. मिठाईचा बॉक्स आबांच्या पायाशी ठेवला आणि समोर बसला.

“आबा, एक सांगायचं ऱ्हायलंय,” तो म्हणाला. “त्या मॅचला माझा दम आधीच सुटला हुता. ड्रम वाजायच्या आधी. छातीवर गुडघा बसला तवाच.”

आई चहा घेऊन दारातच थांबली.

“मग तवा का बोलला न्हाईस?” मीच विचारलं.

“ताई, सगळी पाठ थोपटत हुती. इतकी वर्सं म्हणत हुतो, उद्या सांगू.” मग आबांकडं वळून म्हणाला, “सांगलीला माझ्या पोरांची मॅच हाय. ड्रम घेऊन या. मी गाडी पाठवतो.”

आबांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “टेलर गेला, तुला कळलं का?”

“कळलं.”

“मामाला आता कानानं ऐकू येत न्हाई. कुणाला घेऊन वाजवू रं?”

चहा पिऊन तो उठला, आबांच्या पाया पडला. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि “पोरांना नीट शिकव,” एवढंच म्हणाले. मी त्याला सोडायला बाहेर गेले. तो गाडीवर बसला, किल्ली फिरवली, पण गाडी सुरू करेना.

“पयल्याच हंगामात सांगितलं असतं तर आबा आलं असतं का गं ताई?” त्यानं विचारलं.

आले असते. टेम्पो दारात उभा होता आणि टेलरकाका घरात शिरून भांडत होते. आबा नक्की आले असते. पण सणाचा दिवस होता आणि त्याला सांगलीपर्यंत एकट्यानं जायचं होतं. “माहीत नाही,” मी म्हणाले.